सोळा आणे संघ कोणता?

दोन जुन्या पैलवानांना पिंपळाच्या पारावर शेजारी शेजारी बसवा आणि एवढेच विचारा, "गामा आज असता तर?" मग तुम्ही खुशाल घरी जाऊन जेवून या. परत याल तेव्हा वाद तिथेच असेल. एक म्हणेल, आजच्या पोरांना त्याने उभेसुद्धा राहू दिले नसते. दुसरा म्हणेल, आजची मॅट, आजचे नियम, आजची कसरत त्याने पाहिली तरी होती का? दोघांचेही खरे आणि दोघांचेही अर्धवट. कारण दोन वेगळ्या काळांतले मल्ल एका आखाड्यात उतरवण्याची सोय देवाने ठेवलेली नाही.

अमेरिकेत हाच वाद बास्केटबॉलच्या संघांवरून चालतो, आणि तिथे तो नुसता पारावरचा राहिलेला नाही. त्याचे रीतसर गणित झाले आहे. ते गणित तुम्हाला सांगावे असे मनात आहे. घाबरू नका, बेरीज आणि भागाकार यांच्या पलीकडे आपण जाणार नाही.

नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एन. बी. ए., ही तिथल्या धंदेवाईक संघांची संघटना. १९४६ साली ती वेगळ्या नावाने सुरू झाली, आणि तेव्हापासून दरवर्षी एक संघ अजिंक्य ठरत आला आहे. हंगामाचे दोन भाग असतात. आधी साखळी सामने. ते हल्ली प्रत्येक संघाला ८२ खेळावे लागतात. मग वरच्या संघांच्या बादफेऱ्या. आजच्या पद्धतीत अशा चार फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने. चार आधी जिंकेल तो पुढे. आता प्रश्न असा, की इतक्या वर्षांच्या अजिंक्य संघांत आपल्या हंगामावर सर्वांत अधिक हुकमत कोणी गाजवली?

सोपे उत्तर तोंडावर येते. ज्याने जास्त सामने जिंकले तो. १९९५-९६ च्या हंगामात शिकागो बुल्सने ८२ पैकी ७२ सामने जिंकले. मायकेल जॉर्डन, स्कॉटी पिपेन, डेनिस रॉडमन यांचा तो संघ. हा विक्रम वीस वर्षे टिकला. २०१५-१६ साली गोल्डन स्टेट वॉरियर्सने ७३ जिंकून तो मोडला. मौज अशी, की त्या वॉरियर्सचा मार्गदर्शक स्टीव्ह कर हा स्वतः ७२ सामने जिंकणाऱ्या बुल्समध्ये खेळलेला होता. आपलाच विक्रम आपल्याच शिष्यांकडून मोडून घेण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

पण पुढे काय झाले ते ऐका. २०१६ च्या अंतिम झुंजीत क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सविरुद्ध वॉरियर्सनी पहिल्या चारांपैकी तीन सामने जिंकले. आणखी एक जिंकला की झाले. तिथून पुढचे तिन्ही सामने ते हरले. अंतिम झुंजीत असा पिछाडीवरून परतलेला संघ त्यापूर्वी एकही नव्हता. मी त्या सातही सामन्यांचे गुण एका कागदावर मांडून बेरीज केली. सातव्या सामन्यात शेवटचे एक मिनिट उरले असता फलक ८९ विरुद्ध ८९ होता, आणि तीन मिनिटांहून अधिक वेळ कोणालाच जाळी सापडत नव्हती. त्या क्षणी साऱ्या झुंजीतले वॉरियर्सचे एकूण गुण होते ६९९ आणि क्लीव्हलंडचेही ६९९! सात सामने, दोन आठवड्यांहून अधिक काळ, आणि काटा अगदी मध्यावर उभा. मग कायरी अर्व्हिंगचा लांबून टाकलेला एक चेंडू जाळीत गेला, तीन गुण झाले आणि वर्षभराचा हिशेब फिरला. जो संघ सर्वांत जास्त साखळी सामने जिंकला, तो अजिंक्यच ठरला नाही. त्यामुळे आपल्या यादीतूनही तो गेला. नुसती जिंकलेल्या सामन्यांची मोजदाद करणे किती कच्चे आहे याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

ती कच्ची का? कारण एका गुणाने जिंकलेला सामना आणि तीस गुणांनी जिंकलेला सामना हे दोन्ही त्या मोजणीत सारखेच. एका गुणाच्या विजयात नशिबाचा वाटा मोठा असतो. शेवटचा चेंडू कड्यावर आपटून आत पडला की जय, बाहेर पडला की पराजय. तीस गुणांचा विजय नशिबाने होत नाही. म्हणून जाणकार मंडळी सामने मोजण्याऐवजी गुणांतर मोजतात. संघाने दर सामन्याला सरासरी किती गुण केले आणि प्रतिपक्षाला किती करू दिले, यांतला फरक.

हा फरक कोष्टकासारखा मांडला की चार-पाच नावे पटकन वर येतात. १९७०-७१ चा मिल्वॉकी बक्स, करीम अब्दुल-जब्बार (तेव्हाचे त्याचे नाव ल्यू अल्सिंडर) आणि ऑस्कर रॉबर्टसन यांचा: दर सामन्याला सव्वाबारा गुणांची सरशी. १९७१-७२ चा लॉस एंजेलिस लेकर्स, ज्याने लागोपाठ ३३ सामने जिंकले; हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्याचेही सव्वाबाराच. १९९५-९६ चा बुल्स: पुन्हा सव्वाबारा. २०१६-१७ चा वॉरियर्स, वर्षापूर्वीच्या पराभवानंतर केव्हिन ड्युरंटला घेऊन परतलेला: साडेअकराच्या किंचित वर. आणि २०२४-२५ चा ओक्लाहोमा सिटी थंडर: जवळजवळ तेरा. हे अंतर आजवरचे सर्वांत मोठे.

मग थंडर पहिला म्हणायचा का? थांबा. इथेच खरी गोम आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कचेरीतल्या मंडळींनी फार पूर्वी सोडवला होता. निफाडच्या काळ्या जमिनीतला गहू आणि माणच्या माळावरची बाजरी यांची तुलना कशी करायची? पोत्याला पोते लावून नव्हे. ज्या त्या जमिनीत चांगल्या वर्षी जे पीक यायचे ते सोळा आणे धरायचे, आणि यंदाचे पीक त्याच्या किती आणे आले ते पाहायचे. हीच आणेवारी. कागदोपत्री तिला पुढे पैसेवारी म्हणू लागले, पण शेतकऱ्याच्या तोंडी आणेवारी राहिली आहे. मग माणचा शेतकरीही ताठ मानेने म्हणू शकतो, आमचे पीक यंदा चौदा आणे, तुमचे दहाच. संघांचेही तसेच आहे. १९७१ च्या संघाला २०२५ च्या संघापुढे उभे करू नका. ज्याला त्याला त्याच्या हंगामाच्या मातीत उभे करा आणि तिथे किती आणे भरतो ते पाहा.

असे केले की पुष्कळ भांडणे आपोआप मिटतात. उदाहरणार्थ, तीन गुणांची रेषा. ती एन. बी. ए.त १९७९-८० साली आली. म्हणजे बक्स आणि लेकर्सच्या वेळी ती नव्हतीच. १९९४ ते १९९७ या तीन हंगामांत ती जाळीच्या जवळ, सरसकट बावीस फुटांवर आणली होती, आणि बुल्सचे ७२ विजय त्याच काळातले. लगेच कोणीतरी म्हणते, "बघा, बुल्सना सोपे होते!" अहो, पण ती रेषा त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनाही जवळच होती ना? पाऊस साऱ्या शिवारावर पडला होता. त्याच्यासाठी एकाचेच पोते हलके धरण्याचे कारण नाही.

आता भागाकार. १९७० च्या सुमारास खेळ फार धावपळीचा होता. एका सामन्यात संघाला सरासरी ११२ गुण पडत. १९९५-९६ मध्ये ही सरासरी शंभराच्या थोडी खालीच आली होती. बचाव कडक, खेळ संथ. जिथे गुण स्वस्त तिथे बारा गुणांची आघाडीही स्वस्त. रुपयाला पायलीभर धान्य मिळत होते तेव्हाचे बारा रुपये आणि आजचे बारा रुपये आपण सारखे मानीत नाही. इथे उलट्या बाजूने तेच. तेव्हा नुसते गुणांतर न घेता, प्रतिपक्षाने शंभर गुण केले तेव्हा या संघाने किती केले, असे विचारू.

बक्सचे दर सामन्याला ११८.४ गुण, प्रतिपक्षाचे १०६.२. शंभराला साडेएकशेअकरा पडतात. लेकर्स १२१ विरुद्ध १०८.७; शंभराला १११ आणि वर एक तृतीयांश. वॉरियर्स ११५.९ विरुद्ध १०४.३, शंभराला १११. थंडर १२०.५ विरुद्ध १०७.६, शंभराला ११२. आणि बुल्स १०५.२ विरुद्ध ९२.९, शंभराला ११३ हून थोडे अधिक. पाहा, क्रम बदलला. सर्वांत मोठे अंतर थंडरचे खरे, पण महागाईच्या दिवसांत कमावलेले बारा बुल्सचे.

इथे थांबले तर चालेल का? माझ्या मते नाही. आणेवारीत एक कळीचा शब्द आहे: चांगल्या वर्षीचे पीक. तो मापदंडच हलका असेल तर सोळा आणे कोणालाही पडतील. प्रतिस्पर्धी कसे होते हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

जॉर्ज मायकनच्या मिनियापोलिस लेकर्सचे उदाहरण घ्या. १९४९ ते १९५४ या सहा हंगामांत त्यांनी पाच अजिंक्यपदे मिळवली. पण १९५० पर्यंत त्या साखळीत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जागा नव्हती. त्या साली पहिल्यांदा तिघे-चौघे घेतले गेले आणि पुढेही काही वर्षे त्यांची संख्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. देशातले कितीतरी उत्तम खेळाडू मैदानाबाहेर ठेवून मिळवलेले हे वर्चस्व. त्यात मायकनचा दोष नाही. त्याच्यापुढे जे आले त्यांना त्याने हरवले. पण हिशेब मांडणाऱ्याने जी रोपे शेतात लावूच दिली नाहीत ती विसरून आणे मोजू नयेत. त्या काळात चेंडू धरून ठेवण्यालाही बंधन नव्हते. नोव्हेंबर १९५० मध्ये एक सामना १९ विरुद्ध १८ असा सुटला, आणि त्यात मायकनचा संघ हरला होता! चोवीस सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे हा नियम १९५४ साली आला आणि खेळाचा चेहरामोहरा पालटला.

बक्स आणि लेकर्सची अडचण निराळी. १९६७ पासून अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन नावाची दुसरी संघटना उभी राहिली होती. दोघींत खेळाडूंची ओढाताण चालू होती. १९७०-७१ मध्ये एन. बी. ए.त १७ संघ आणि दुसरीकडे ११. त्या १७ पैकी बफेलो, क्लीव्हलंड आणि पोर्टलंड हे तीन संघ त्याच वर्षी जन्मलेले. क्लीव्हलंडने ८२ पैकी अवघे १५ सामने जिंकले. चार वर्षांपूर्वी जे दूध दहा घरांत जात होते ते आता अठ्ठावीस घरांत, आणि रतीब घालणारा तोच, पाणी वाढणारच. बक्सचा सव्वाबाराचा आकडा या पाण्यासकट वाचावा लागतो. १९७६ साली दुसरी संघटना मोडली, तिचे चार संघ एन. बी. ए.त आले आणि दूध पुन्हा दाट झाले.

बुल्सही या आक्षेपातून सर्वस्वी सुटत नाहीत. टोरँटो आणि व्हँकुव्हर हे दोन संघ १९९५ साली नवे घेतलेले, आणि दोघेही तळाला राहिले. गंमत म्हणजे बुल्सच्या दहा पराभवांपैकी एक याच टोरँटोने केला, १०९ विरुद्ध १०८ असा, मार्च १९९६ मध्ये. शेवटी खेळ आहे तो! पण २९ संघांत दोन नवे ही भेसळ १९७१ च्या मानाने थोडी. २०२४-२५ मध्ये तर भेसळ जवळजवळ नाहीच. ३० संघ, आणि त्यांत अमेरिकेबाहेरून आलेले शंभराहून अधिक खेळाडू. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर, स्वतः कॅनडाचा. साऱ्या जगातून निवडून आणलेल्यांच्या समोर तेरा गुणांची सरशी मिळवणे ही मोठीच गोष्ट. तरी एक वजावट करावी लागते. हल्ली लांबून तीन-तीन गुणांचे चेंडू फार टाकतात. १९९५-९६ मध्ये संघ सामन्याला सोळा टाकीत, आता सदतीसच्या वर. त्यामुळे चेंडू लागू लागले की आघाडी बघता बघता फुगते आणि न लागले की तशीच फुटते. मोठे अंतर आज पूर्वीइतके दुर्मिळ राहिलेले नाही.

बादफेऱ्यांकडे वळू. साखळीत संघ दमलेल्या, लंगड्या, उद्याच्या प्रवासाच्या काळजीत असलेल्या प्रतिस्पर्ध्यांनाही भेटतो. बादफेरीत सगळे कंबर कसून येतात. तिथे २०१७ चे वॉरियर्स सतरा सामन्यांत एकदाच हरले. दर सामन्याला साडेतेरा गुणांची सरशी. १९७१ च्या बक्सने तर बाल्टिमोरला अंतिम झुंजीत चारही सामन्यांत लोळवले, आणि एकूण बादफेऱ्यांत त्यांचे अंतर साडेचौदा. हा आकडा पाहून मीही प्रथम चकित झालो. मग खोलात गेलो तेव्हा दिसले, की त्यांनी वाटेत ज्या लेकर्सना हरवले त्यांचे जेरी वेस्ट आणि एल्जिन बेलर हे दोन्ही मोहरे दुखापतीने बाहेर होते, आणि बाल्टिमोरचा संघ साखळीत ४२ जिंकून ४० हरलेला होता. बुल्सचे १९९६ चे अंतर साडेदहाच. पण त्यांच्यासमोर अंतिम झुंजीत साखळीतले ६४ सामने जिंकलेला सिअॅटलचा संघ होता.

उलटही घडते. २००१ च्या लेकर्सने, शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांच्या संघाने, साखळीत ५६ सामने जिंकले. अंतर साडेतीनसुद्धा नाही. हंगामभर दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते. बादफेऱ्या आल्या आणि सोळांपैकी पंधरा सामने जिंकले. त्यांना काय म्हणाल? परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पहिला आलेला मुलगा म्हणा हवे तर. हुशार निःसंशय, पण वर्षभराचे वर्चस्व त्याचे नव्हे. आणि थंडर? साखळीत ६८ विजय मिळवून बादफेऱ्यांत सात सामने हरले. अंतिम झुंज इंडियाना पेसर्सशी, ज्यांचा संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला येऊन दोन प्रदर्शनीय सामने खेळून गेला होता. पहिल्याच सामन्यात पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असता चेंडू टाकून एका गुणाने बाजी मारली, आणि झुंज सातव्या सामन्यापर्यंत गेली. जिंकले थंडरच, परंतु सोळा आणे हुकमत चालवणाऱ्याला सात सामने लागावेत हे मला खटकते.

तेव्हा माझे मत विचाराल, तर एका हंगामापुरता मान मी १९९५-९६ च्या बुल्सना देईन. साखळीत ७२, बादफेऱ्यांत १८ पैकी १५; शंभराला ११३; आणि मापदंड फारसा हलका नाही. दुसऱ्या जागेसाठी २०१७ चे वॉरियर्स आणि थंडर यांच्यात मी अजून घोटाळतो. बादफेऱ्यांचे पारडे जड वाटते त्या दिवशी वॉरियर्स, साखळीचे वाटते त्या दिवशी थंडर. बक्स चौथे ठेवताना वाईट वाटते.

पण या साऱ्या मोजमापात एक संघ सापडतच नाही, आणि त्याचे नाव घेतल्याशिवाय मला उठवत नाही. बिल रसेलचा बोस्टन सेल्टिक्स. १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे. त्यांतली आठ लागोपाठ. संघ तेव्हा सुरुवातीला आठच होते, म्हणजे सामना पडे तो दर थोड्या दिवसांनी त्याच त्या कसलेल्या मंडळींशी. त्यांच्या कोणत्याही एका हंगामाचे अंतर बुल्स-बक्सच्या पंक्तीला बसत नाही. १९६८-६९ मध्ये तर त्यांनी ४८ सामने जिंकले, ३४ हरले आणि आपल्या विभागात ते चौथे आले. रसेल तेव्हा खेळाडूही होता आणि मार्गदर्शकही, पस्तिशीला आलेला. तसाच रडतखडत तो संघ अंतिम झुंजीत पोचला आणि सातव्या सामन्यासाठी ५ मे १९६९ रोजी लॉस एंजेलिसला गेला. लेकर्सच्या मालकांनी विजयोत्सवासाठी हजारो फुगे छताखाली जाळ्यांत बांधून ठेवले होते. सामना बोस्टनने १०८ विरुद्ध १०६ असा जिंकला. फुगे वरच राहिले. रसेलच्या कारकिर्दीत असे निर्णायक सातवे सामने दहा आले. दहाही त्याच्या संघाने जिंकले.